आधी लिंक, मग वर्ग

मराठी शाळेतल्या शिक्षकाला तंत्रज्ञानाची साधनं मिळत नाहीत, ही तक्रार आता बंद करू या. साधनं ढिगानं पडली आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे दीक्षा ॲप उभं आहे, ते 2017 पासून. मूल मोठ्यानं वाचत असताना ऐकून चूक दाखवणारं गुगलचं रीड अलाँग मराठीत चालतं आणि एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की नेट नसतानाही चालतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर चित्रांची मराठी पुस्तकं आहेत. ती छापायची, बदलायची, भाषांतर करायची सगळी मुभा आहे. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून भूमिती शिकवणारे अरविंद गुप्ता यांचे व्हिडिओ मराठीत आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट हे विज्ञानाचे प्रयोग, गणितासाठी जिओजेब्रा, संगणक शिकायचा तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. लंडनच्या शिक्षकाला यातलं जे मिळतं तेच लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या शिक्षकाला मिळतं, आणि त्याच किमतीत.

मग जळकोटच्या वर्गात ते दिसत का नाही?

कारण जळकोटच्या शिक्षकाचा मोबाइल सकाळी साडेदहापासून वर्गासाठी मोकळाच नसतो. तो कचेरीच्या कामाला लागलेला असतो. पोषण आहार किती मुलांनी घेतला, भरा. हजेरी भरा, डिसेंबर 2023 पासून ती स्विफ्टचॅट नावाच्या ॲपवर पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राला द्यायची आहे. चाचणीचे गुण भरा, प्रत्येक मुलाचे, प्रश्नवार. माहिती भरायचं सरल पोर्टल 2015 मध्ये आलं, शाळेच्या माहितीसाठी यूडायस प्लस आहे, पगारासाठी शालार्थ आहे, आता मुलांचा अपार आयडी आहे. त्यात आधार कार्डावर एखाद्या बालाजीचं स्पेलिंग एक आणि प्रवेश-निर्गम रजिस्टरात दुसरं. ते जुळेपर्यंत बालाजी ‘अवैध’. आधार जुळलेली मुलं किती यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार ते ठरतं. म्हणून गुरुजी फळा सोडून बालाजीच्या बापाला शोधत आधार केंद्रावर जातात. बाप तोवर कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेला असतो, आणि बालाजीही त्याच्याबरोबर. नांदेड-लातूरकडच्या मुखेड, कंधार, लोहा, जळकोट इथं दिवाळीनंतर ही रोजची गोष्ट आहे.

नोव्हेंबर 2016 मध्ये तर शिक्षकांनी दर सोमवारी मुलांसोबत सेल्फी काढून सरलवर चढवावी असा आदेश निघाला होता. दहा-दहा मुलांचे गट करून. विरोध झाला म्हणून तो मागे पडला. पण फोटो मागायची ती खोड गेलेली नाही. झाड लावलं, फोटो टाका. पुस्तक वाचलं, फोटो टाका. मुलानं पुस्तक वाचलं याचा पुरावा फोटोत असतो असं मानणाऱ्या व्यवस्थेला वाचन म्हणजे काय हे कुणीतरी बसून समजावून सांगायला हवं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. कायदा 2009 चा. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य शासनानं शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची वर्गवारी करणारा निर्णय काढला. पंधरा वर्षांनी वर्गवारी करावी लागली यातच सगळं आलं. आणि पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर 2024 मध्ये, राज्यभरातले प्राथमिक शिक्षक आंदोलनाचा भाग म्हणून प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. मागण्या अनेक होत्या. कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याला विरोध ही त्यातली मोठी. पण ग्रुप सोडणं हे आंदोलनाचं हत्यार व्हावं, याचा अर्थ प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानं स्वतःशी लावून पाहावा. ज्या वस्तूतून शिक्षकाला जग मिळायचं, तीच त्याला जाच वाटू लागली.

मुखेड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी हे जवळून पाहिलं. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक बाई आणि एक सर. सर त्या दिवशी तालुक्याला बैठकीला गेलेले, म्हणून चारही वर्ग बाईंकडे. बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर रीड अलाँग लावून दिलं होतं आणि एकेक मूल व्हरांड्यात बसून वाचत होतं. दुसरीतली एक मुलगी होती, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी. बाई म्हणाल्या, वर्गात ही तोंडच उघडत नाही. मोबाइलला मात्र ती वाचून दाखवत होती. शब्द चुकला की मोबाइल हसत नाही, बाकीची पोरंही ऐकत नाहीत. ती अडायची, परत वाचायची, शब्द बरोबर आला की पडद्यावर तारा यायचा आणि ती मागे वळून बाईंकडे बघायची. एवढ्यात मोबाइल थरथरला. केंद्रशाळेच्या ग्रुपवर संदेश आणि माहितीची लिंक, तीन लाल खुणांसकट: तात्काळ, अर्ध्या तासात, माहिती निरंक असली तरी भरणे. बाईंनी मोबाइल घेतला. नेटसाठी त्या पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली, “बाई, माझी गोष्ट राह्यली की.” बाई तिकडूनच म्हणाल्या, “थांब गं, एवढं पाठवते.” लिंक उघडेना. शेवटी भरली तेव्हा पोषण आहाराची वेळ झाली होती.

त्या लिंकमध्ये मागितलेली माहिती काय होती? शाळेत वर्गखोल्या किती, शौचालयं किती. जी दरवर्षी यूडायसवर भरलेली असते.

या एका फोनचं भांडण आहे. तो बाईंच्या पैशानं घेतलेला, त्याचा रिचार्ज बाईंचा. त्यावर पहिला हक्क त्या दुसरीतल्या मुलीचा असायला हवा होता. प्रत्यक्षात तो कचेरीतल्या टेबलाचा ठरला. शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणून आपण जे काही चालवतो त्याचा ओघ खालून वर आहे: माहिती वर जाते, आकडे वर जातात, फोटो वर जातात. वरून खाली मुलापर्यंत येणारं फार थोडं, आणि तेही शिक्षकाच्या उरलेल्या वेळात.

एके काळी असं नव्हतं, आणि तो काळ फार जुना नाही. 22 जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा निर्णय निघाला आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी जे केलं ते कुठल्याही कंपनीला जमलं नसतं. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून पोरसवदा शिक्षक पुढं आले. कुणी ब्लॉग काढला, कुणी नेटशिवाय चालणाऱ्या चाचण्या बनवल्या, कुणी कवितांना चाली लावून ध्वनिफिती केल्या. मोबाइलच्या पडद्यासमोर भिंग लावून मोठं चित्र दाखवायची युक्ती एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पसरली. नांदेड-लातूरकडच्या गावांत दुष्काळाची ती वर्षं होती. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याही दिवसांत गावांनी लोकवर्गणी काढून शाळेला टीव्ही घेऊन दिले. शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. व्हॉट्सॲप ग्रुप तेव्हाही होते, पण त्यात शिक्षक शिक्षकाला विचारायचा: भागाकाराला मुलं अडतात, तुमच्याकडं काही आहे का? रात्री कुणीतरी व्हिडिओ टाकायचा. सकाळी तो दहा शाळांत चालायचा.

त्या लाटेतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड लावले तेव्हा तसं करा म्हणून सांगणारं परिपत्रक नव्हतं. पुढं राज्यानं ते उचललं, मग देशानं. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. नंतर त्यांना अमेरिकेतल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीची संधी मिळाली आणि जानेवारी 2022 मध्ये त्यांच्या रजेचा प्रश्न इतका चिघळला की तो शिक्षणमंत्र्यांपर्यंत जाऊन सुटला. जगानं गौरवलेल्या शिक्षकाची ही गत, तर किनवटच्या दुर्गम वाडीवर काम करणाऱ्या शिक्षिकेनं एखाद्या शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या भरवशावर करावा? शालेय शिक्षकांसाठी पुरस्कार आहेत, परदेशी अभ्यासवृत्त्या आहेत. त्यांची माहिती त्याच ग्रुपवर येते, बहुतेकदा मुदत संपायच्या आदल्या दिवशी, आणि तिच्याखाली लगेच पोषण आहाराची लिंक असते.

आता विजेचं बोलू. आमच्याकडं डीपी, म्हणजे गावाचं रोहित्र, जळाली की आठ-पंधरा दिवस गाव अंधारात. शेतकरी वर्गणी काढून डीपी आणतात, कारण त्यांच्या मोटारी अडतात. शाळेचा टीव्ही अडला म्हणून डीपी आणल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि वीज असली तरी बिल कोण भरणार? समग्र शिक्षा योजनेत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं 10,000 रुपये. महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. त्यातून खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, पिण्याचं पाणी, वीजबिल आणि वर इंटरनेट. अनुदान उशिरा आलं की मुख्याध्यापक उधारीवर शाळा चालवतात. गावानं हौसेनं घेतलेल्या टीव्हीवर जुन्या चादरीचं कव्हर चढवलेलं, रिमोट कपाटात, पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यानं खिडकीच्या गजाला बांधलेला, त्यावर पेनानं लिहिलेलं ‘चौथी गणित’. टीव्ही जूनमधल्या पहिल्या विजेच्या कडकडाटात गेला तो गेलाच. दुरुस्तीचा माणूस नांदेडहून यायचा तर पाचशे रुपये नुसते येण्याचे. वस्तू द्यायला सगळे पुढं असतात, फोटो निघतो. दुरुस्तीचा फोटो निघत नाही.

माध्यमिक शाळांतल्या संगणक कक्षांचं हेच झालं. बांधा-वापरा-हस्तांतरित करा या करारावर कंपन्यांनी संगणक बसवले, शिकवणारे तरुण तुटपुंज्या मानधनावर नेमले. पाच वर्षांनी करार संपला, तरुण घरी गेले, संगणकांवर धूळ बसली.

पण या राज्याची याहून मोठी चूक वेगळी आहे आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. पुण्यात 1984 पासून बालचित्रवाणी होती. शाळेतल्या मुलांसाठी मराठीत कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था, स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची माणसं. चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, दूरदर्शनवरची ती धून आठवेल. केंद्राचं अनुदान थांबलं, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि 2017 मध्ये शासनानं संस्था बंद केली. तीन वर्षांत कोरोना आला. राज्यातली सगळी मुलं घरी बसली आणि घरात फोन एक किंवा शून्य. तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत शिक्षकांच्या मोबाइलवर अभ्यासमाला पाठवावी लागली, आणि जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ सुरू झाली, तेव्हा कुठं टीव्ही असलेल्या घरांतल्या पोरांना काही मिळालं. टिलीमिली चांगली होती. ती घडवणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण असं काम रोज करणारी संस्था आपल्याकडं होती आणि ती आपण आपल्या हातानं मोडली, हे विसरून चालणार नाही.

मराठवाड्यात अडचण आणखी एक आहे: तयार साहित्याची भाषा आमच्या पोरांची नाही. किनवट-माहूरला गोंडी, कोलामी, गोरमाटी. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या सरहद्दीला घरात तेलुगू. उदगीर, देवणी, निलंग्याकडं कन्नड. नांदेड शहरात दखनी उर्दू. पहिलीतलं मूल यातल्या एखाद्या बोलीतून येतं आणि क्यूआर कोडमधून त्याच्याशी कुणीतरी पुण्याच्या स्टुडिओतलं बोलतं. त्यातले पुष्कळसे व्हिडिओ तर पुस्तकातलाच मजकूर वाचून दाखवतात. पुस्तक वाचून दाखवायला बाई आहेतच की! व्हिडिओनं असं काही दाखवावं जे बाई वर्गात आणू शकत नाहीत: समुद्राची भरती, धडधडणारं हृदय, ज्वालामुखी. आणि बोलीतलं साहित्य स्टुडिओत व्हायचं नाही, ते तांड्यावर आणि गुड्यावरच होईल. एखाद्या आजीची गोरमाटीतली गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करायला पाच मिनिटं लागतात. ती मराठीत उतरवून चित्रांसह स्टोरीवीव्हरवर चढवता येते. तिथं गोंडीतली पुस्तकं आहेतही. हे काम शिक्षक करू शकतात. फक्त हे काम ‘काम’ म्हणून मोजलं जात नाही. लिंक भरणं मोजलं जातं.

प्रशिक्षणाचीही तीच कथा. ऑक्टोबर 2020 पासून निष्ठा प्रशिक्षण दीक्षावर आलं, अठरा भागांचं. विषय चांगले निवडले होते. पण झालं काय? एकीकडं व्हिडिओ चालू ठेवायचा, एकीकडं स्वयंपाक, शंभर टक्के झालं की प्रमाणपत्र. दोष शिक्षकांना देऊन मोकळं होऊ नका. एकट्यानं पडद्यासमोर बसून शिकवण्याची कला येत नाही. शेजारी बसून दाखवणारा माणूस लागतो, आणि चार दिवसांनी ‘जमलं का?’ विचारायला तोच परत यावा लागतो.

असा माणूस आमच्याकडं नाही असं नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत बीएडची महाविद्यालयं भरपूर आहेत. बीएड दोन वर्षांचं झाल्यापासून त्यात वीस आठवडे शाळेत काम करायचं असतं. ही बावीस-तेवीस वर्षांची पोरं-पोरी, हातात फोन, डोक्यात कल्पना. त्यांना शहरातल्या ओळखीच्या शाळेत चार्ट टांगून पाठ घ्यायला लावण्यापेक्षा दोघादोघांना जिल्हा परिषदेच्या एकेका शाळेत पाठवा. महिनाभर ते वाचनाला बसणाऱ्या मुलाजवळ बसतील, टीव्हीची वायर जोडतील, आजीची गोष्ट टिपतील. बाईंना मदत होईल आणि त्यांना नोकरीआधी खरी शाळा दिसेल. याला नवा निधी लागत नाही. विद्यापीठ आणि नांदेड-लातूरच्या दोन जिल्हा परिषदांनी एका टेबलाशी बसायला हवं, इतकंच.

लातूर शहराचं उदाहरण मुद्दाम देतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या शिकवण्यांमध्ये रविवारी चाचणी होते आणि निकाल पालकांच्या मोबाइलवर जातो; कोणता धडा कच्चा आहे तेही कळतं. तिथं तंत्रज्ञान मुलाच्या कामाला लावलेलं आहे, कारण पालक पैसे मोजतात. परीक्षेच्या तयारीच्या या लातूर पॅटर्नचा आम्हाला अभिमान आहे, असावाही. पण तो अकरावीपासून सुरू होतो. दुसरीत वाचायला न शिकलेली मुलगी अकरावीच्या त्या वर्गापर्यंत पोचतच नाही, आणि ती न पोचल्याची नोंद कोणत्याही यशाच्या जाहिरातीत नसते.

घरात फोन नाही ही सबबही आता उरलेली नाही. ‘असर’ या शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. फोन वापरता येणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं होतं, आणि 76 टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती. त्या फोनचं काय करायचं हे मुलाला सांगणारा एकच माणूस गावात आहे, आणि तो टाकीजवळ उभा राहून लिंक भरतो आहे.

म्हणून नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं थेट मागणं आहे. शाळेच्या वेळेत कोणतीही माहिती मागायची नाही, असा लेखी आदेश काढा आणि तो पहिल्यांदा स्वतःच्या कचेरीला लावा. यूडायसवर असलेली माहिती पुन्हा मागणाऱ्याला जाब विचारा. प्रत्येक गटसाधन केंद्रात दुरुस्ती जाणणारा एक माणूस नेमा, त्याला मोटारसायकलचं पेट्रोल द्या. शाळेच्या इंटरनेटचा खर्च शाळेच्या नावावर टाका, बाईंच्या पगारावर नको. आणि जिथं शिक्षक शिक्षकाला शिकवतात ते ग्रुप शिक्षकांकडंच राहू द्या. त्यात साहेबांनी शिरू नये.

वाचकांनाही सांगणं आहे. ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ठरू लागतो. ग्रामसभेला जा. शाळेचं वीजबिल, इंटरनेट आणि टीव्हीची दुरुस्ती या तीन ओळी त्यात लिहून घ्या, ठरावाची नक्कल मागून घ्या. गावातली डीपी जळाली तर महावितरणकडं अर्ज तुम्ही घेऊन जा. गुरुजींना त्यासाठी वर्ग सोडायला लावू नका.